नाशकात राहून माणसाच्या उत्क्रांतीचा अभ्यास कसा सुरू करायचा (अगदी शून्यापासून)

हा विषय शिकायचाय पण सुरुवात कुठून करू, असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. बहुतेक जण काय करतात, थेट नावं पाठ करायला घेतात, ऑस्ट्रेलोपिथेकस, हॅबिलिस, इरेक्टस, आणि चौथ्या नावाला कंटाळून सोडून देतात. माझं म्हणणं उलटं आहे. नावं नंतर. आधी काळ केवढा मोठा आहे ते अंगात मुरू दे, मग पुरावा दिसतो कसा ते बघा, आणि पुराव्याच्या बाबतीत आपण नाशिककर तसे नशीबवान आहोत कारण गंगापूरला गोदावरीच्या काठी पुराश्मयुगातली दगडी हत्यारं सापडलेली आहेत, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी त्यावर १९५२ साली अख्खा अहवाल काढलाय. हत्यारं आहेत, पण ती करणाऱ्यांचं एकही हाड नाही. हे असं का, एवढं नीट कळलं तरी निम्मा विषय कळला समजा.

पहिली पायरी: ते रांगेचं चित्र डोक्यातून काढा

तेच ते, डावीकडे वाकलेलं माकड, मग जरा ताठ, मग अजून ताठ, शेवटी भाला घेतलेला माणूस. टीशर्टवर बरं दिसतं, बाकी चुकीचं आहे. आजच्या माकडापासून माणूस झाला असं कुठलाच शास्त्रज्ञ म्हणत नाही. चिंपांझी आणि आपण, दोघांचा एक समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत होता, तिथून दोन वाटा फुटल्या, आणि आपल्या वाटेलाही पुढे इतके फाटे फुटले की एकाच वेळी पृथ्वीवर चार-पाच प्रकारचे मानव नांदत होते असेही काळ होऊन गेले. त्यामुळे "मग आज माकडाचा माणूस का होत नाही" हा प्रश्न घरच्या कार्यक्रमात कुणी टाकलाच (टाकतातच) तर चिडू नका, चुलतभावाचं उदाहरण द्या. तुमचा चुलतभाऊ हा तुमचा पूर्वज नाही, आजोबा तेवढे एकच.

शेपटीवाली माकडं तर आपल्यापासून त्याच्याही खूप आधी, अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. एखाद्या रविवारी अंजनेरीला किंवा सप्तशृंगी गडावर जाल तेव्हा प्रसादाची पिशवी आत ठेवा आणि अर्धा तास शांत बसून त्यांच्याकडे बघा. अंगठा कसा वापरतात, पिल्लू किती दिवस आईला धरून असतं, कोण कुणाच्या उवा काढतं आणि कोण कुणाला जवळ येऊ देत नाही. वही घेऊन जा, लिहून काढा. खायला घालू नका. हात, डोळे, गटात राहणं, लांबलेलं बालपण, हे सगळं आपल्याकडे किती जुनं आहे ते वाचून कळण्यापेक्षा असं बघून जास्त लवकर कळतं.

दुसरी पायरी: काळ पायाने मोजा

नाशिकरोड स्टेशन ते द्वारका हे अंतर साधारण सात किलोमीटर धरा. हिशोब असा की एक मीटर म्हणजे हजार वर्षं, एक किलोमीटर म्हणजे दहा लाख. स्टेशन म्हणजे ७० लाख वर्षांपूर्वीचा काळ आणि द्वारका चौक म्हणजे आज. आता चालायला लागा, रविवारी सकाळी लवकर, नाहीतर त्या ट्रॅफिकमध्ये उत्क्रांती बाजूला राहील.

स्टेशनच्या दारातच साहेलँथ्रोपस, आपल्या वाटेवरचा बहुधा सगळ्यात जुना प्राणी, आफ्रिकेतल्या चाड देशात २००१ साली त्याची कवटी मिळाली. मग बिटको, दत्तमंदिर गेलं, तरी फारसं काही हाती नाही, थोडी हाडं, थोडे दात. द्वारका साडेतीन-पावणेचार किलोमीटर राहिली की टांझानियातल्या लाएटोलीचे पायाचे ठसे, ज्वालामुखीच्या ओल्या राखेत दोन पायांवर चालत गेलेल्या कुणाचे तरी, ३६ लाख वर्षांपूर्वीचे. त्याच्या जरा पुढे, द्वारका ३.२ किलोमीटर राहिली की लुसी, इथिओपियात मिळालेला तो प्रसिद्ध सांगाडा. म्हणजे अर्धा रस्ता संपून गेला आणि मेंदू अजून चिंपांझीएवढाच आहे! इथे थांबा, चहा घ्या आणि हे डोक्यात पक्कं बसवा की आपण आधी चालायला लागलो, मेंदू फार फार नंतर वाढला, लोकांना नेहमी उलटं वाटतं.

दोन किलोमीटरच्या आत आल्यावर होमो इरेक्टस. दीड किलोमीटरवर तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमची हत्यारं, ती १५ लाख वर्षांपर्यंत जुनी असल्याचं शांती पप्पू आणि त्यांच्या टीमने २०११ मध्ये मांडलं. आणि आपण, होमो सेपियन्स? शेवटचे ३०० मीटर. चौक समोर दिसायला लागतो तेव्हा आपली एन्ट्री. शेती शेवटच्या दहा-बारा मीटरमध्ये, पांडवलेणीच्या शिलालेखातला गौतमीपुत्र सातकर्णी दोन मीटरच्याही आत, आणि देश स्वतंत्र झाला त्याला आठ सेंटीमीटर.

याच मापाने आपल्या पायाखालचा काळा दगड, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, कुठे येईल सांगू? ६६ किलोमीटरवर. द्वारकेपासून पुणे रोडने जवळजवळ संगमनेर. घरात कुणी म्हणालं की अमक्याच्या विहिरीत काळ्या पाषाणात माणसाचं हाड निघालं, तर हे संगमनेर आठवा. तो लाव्हा थंड झाला तेव्हा माणूस तर सोडाच, माकडंसुद्धा नव्हती. त्या दगडात जे पांढरं, चकचकीत, कधी हाडासारखं दिसणारं निघतं ते झिओलाइट किंवा क्वार्ट्झ, लाव्हातल्या पोकळ्यांमध्ये नंतर भरलेली खनिजं. सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे, तिथे एकदा जाऊन हे सगळे प्रकार बघून घेतले की आयुष्यभराची ही एक फसगत टळते.

तिसरी पायरी: नावं, पण पाचच

पहिल्या महिन्यात एवढीच. ऑस्ट्रेलोपिथेकस अफारेन्सिस (लुसीवाली जात, इथिओपियात हडार इथे १९७४ मध्ये डोनाल्ड जोहान्सन यांना तिचा सुमारे ४० टक्के सांगाडा मिळाला). होमो हॅबिलिस, होमो घराण्यातला सुरुवातीचा मानव. होमो इरेक्टस, जो आफ्रिकेबाहेर पडला, जावापर्यंत गेला आणि सगळ्यात जास्त काळ टिकला, माझा वैयक्तिक फेव्हरेट. निअँडरथल, युरोप आणि पश्चिम आशियात राहिलेला आपला जवळचा नातेवाईक. आणि होमो सेपियन्स, म्हणजे आपण, ज्याचे सगळ्यात जुने अवशेष सध्या मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे मानले जातात, साधारण तीन लाख वर्षं. डेनिसोवन, फ्लोरेस बेटावरचा बुटका मानव, नालेदी, हे सगळे भारी आहेत पण दुसऱ्या महिन्यात.

मराठीतून वाचायचं असेल तर महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा घ्या, आनुवंशिकता व उत्क्रांती. लाज वाटायचं कारण नाही, मोठ्यांनीही तिथूनच सुरू करावं. त्यानंतर मराठी विश्वकोशातल्या नोंदी, त्या ऑनलाइन फुकट आहेत. इंग्रजी चालत असेल तर स्मिथसोनियन म्युझियमच्या मानवी उत्पत्तीच्या वेबसाइटवर कवट्यांची थ्रीडी मॉडेल्स आहेत, मोबाइलवर फिरवून फिरवून बघता येतात. कवटी बघताना तीन जागा बघा: भुवयांवरचं हाड किती पुढे आलंय, हनुवटी आहे का, आणि पाठीचा कणा कवटीला जिथे जोडतो ते भोक मागच्या बाजूला आहे की बरोबर खाली. भोक खाली म्हणजे तो प्राणी ताठ चालत असण्याची शक्यता जास्त. हनुवटी अशी पुढे आलेली फक्त आपल्यालाच.

चौथी पायरी: इथे हाडं का नाहीत, दगड का आहेत

हाड टिकायचं असेल तर ते पटकन गाडलं जावं लागतं आणि मग लाखो वर्षं कुणी हलवायचं नाही. पूर्व आफ्रिकेतल्या खचदरीत तळी होती, गाळ साचत गेला, वर ज्वालामुखीची राख पडत गेली, आणि त्या राखेचंच वय मोजता येतं, म्हणजे वरच्या आणि खालच्या राखेमध्ये सापडलेलं हाड कधीचं ते आपोआप कळतं. आपल्याकडे चार महिने पाऊस झोडपतो, आठ महिने ऊन, जमीन फुगते-फाटते, नद्या जुना गाळ उकरून वाहून नेतात, चुनखडीच्या मोठ्या गुहा नाहीत. हाड उरणार कसं. तरी नद्यांच्या जुन्या गाळात कधीकधी मोठ्या प्राण्यांचं मिळतं, आपल्याच जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात नामशेष झालेल्या हत्तीचे जीवाश्म मिळाले होते आणि १९०५ मध्ये त्याची नोंद छापली गेली. पक्षी बघायला तिथे जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

माणसाच्या बाबतीत सगळ्या भारताची कहाणी फार वेगळी नाही. ५ डिसेंबर १९८२ ला मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोराला अरुण सोनकियांना एका कवटीचा वरचा भाग मिळाला, आणि इतक्या जुन्या काळातली आपल्याकडची ठळक हाडं म्हणजे हथनोरा आणि आसपासचीच. तिला आधी इरेक्टस म्हटलं, मग काहींनी जुन्या सेपियन्सकडे ढकललं, वयावरही वाद आहे. एका कवटीवर असे वाद होणारच.

दगडाला मात्र ऊन-पाऊस फारसं काही करत नाही म्हणून तो राहिला. पण अडचण अशी की दगडाचं वय आणि हत्याराचं वय वेगळं, बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, त्याची हातकुऱ्हाड केली कधी हे दगड स्वतः सांगत नाही, ज्या थरात ती पडून राहिली त्या थराचं वय काढावं लागतं. आणि "कार्बन डेटिंग केलं का" हा ठरलेला प्रश्न इथे लागूच नाही, ती पद्धत एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूला चालते, तीही साधारण ५० हजार वर्षांपर्यंत. त्यापुढे वाळूच्या कणांनी शेवटचं ऊन कधी बघितलं ते मोजायची पद्धत, राखेतल्या आरगॉन वायूची पद्धत, असलं काय काय लागतं.

पाचवी पायरी: दगड वाचायला शिका

हा माझ्या मते सगळ्यात मजेचा भाग आहे आणि नवीन लोक नेमका हाच टाळतात.

दगड दगडावर मारला की जो तुकडा उडतो तो छिलका, आणि मागे उरतो तो गाभा. माणसाने मारलेल्या छिलक्यावर मार बसलेली छोटी सपाट जागा दिसते, तिच्या लगेच खाली पोटाच्या बाजूला एक गुळगुळीत फुगवटा असतो, त्याला आघाताचा उंचवटा म्हणतात, आणि तिथून लाटा पसरल्यासारख्या बारीक वर्तुळाकार रेघा निघतात. एकच घाव असेल तर निसर्गानेही केला असेल, वरून पडला, पुरात आपटला. पण दोन्ही बाजूंनी, एका मागोमाग एक, धार काढण्याच्या हिशोबाने छिलके काढलेले दिसले की मग विचार करायचा. हातकुऱ्हाड म्हणजे दोन्ही तोंडं तासलेली, एका टोकाला निमुळती. क्लीव्हरला टोक नसतं, आडवी सरळ धार असते. गंगापूरच्या हत्यारांत हे दोन्ही प्रकार आहेत. त्यानंतरच्या मध्य पुराश्मयुगात हत्यारं लहान होतात, छिलक्यांवरच काम केलेली, चर्ट-जॅस्परसारख्या बारीक कणांच्या दगडाची, आणि प्रवरेकाठच्या नेवाशावरून त्या सगळ्या घराण्याला नेवासियन असं नावच पडलं. अजून पुढे नखाएवढी सूक्ष्मास्त्रं येतात, लाकडाच्या खाचेत ओळीने बसवायची.

नाशिकच्या आसपास दगड बघताना एक मोठा घोळ म्हणजे खडी क्रशर, जेसीबी आणि रस्त्याची कामं. यांनी फोडलेल्या दगडालाही छान धारदार कडा येतात, उंचवटासुद्धा येतो कधीकधी. मग फोडलेल्या भागाचा रंग बघा. ताजा तुटलेला बेसाल्ट आतून गडद असतो, हजारो वर्षं उघड्यावर पडलेल्याचा वरचा थर बदललेला असतो, तपकिरी-करडा, कडा बोथट, नदीत लोळलेला असेल तर अजूनच. सगळ्या जखमांचा रंग सारखाच जुना असेल तर आशा ठेवा, एक जुनी आणि बाकी ताज्या असतील तर सोडा.

स्वतः करून बघायचं असेल तर घरी, गच्चीवर किंवा अंगणात, खाली जुनी चादर अंथरून. डोळ्याला गॉगल पाहिजेच, जाड हातमोजे पाहिजेत, पायात बूट, लहान मुलं लांब. हातात मावेल असा गोटा आणि मारायला दुसरा कठीण गोटा, कडेवर मारायचं, मधोमध नाही, आणि कडेचा कोन नव्वद अंशांपेक्षा कमी असलेली जागा शोधायची. तासाभरात कळतं की "आदिमानव" वगैरे म्हणून आपण ज्यांना हसतो त्यांना दगडाची नस किती पक्की माहीत होती. नदीकाठी जाऊन हे उद्योग करू नका, तुमचे आजचे छिलके तिथे पडले की पुढच्या अभ्यासकाची वाट लागते.

सहावी पायरी: बघायला कुठे जायचं

गंगापूर रोडने आनंदवल्ली, सोमेश्वर मागे टाकून गंगापूर गाव. इथे बोर्ड-बिर्ड काही शोधू नका. नदीच्या काठाच्या कापलेल्या भिंतीत गोट्यांचा सिमेंटसारखा घट्ट बसलेला थर आणि वर मातीचे थर बघायचे, अशाच जुन्या गोट्यांच्या थरांशी या हत्यारांचं नातं आहे. वीकेंडला याच रस्त्याने वाइन प्यायला आणि फार्महाउसवर जाणारी गर्दी असते त्यामुळे सकाळी जा, पावसाळ्यात नको, धरणातून पाणी कधी सुटेल नेम नाही.

नाशिक शहरातली जुनी गढी तर सगळ्यांना माहीत, दर पावसाळ्यात ढासळते म्हणून बातमीत येते. तिथे १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं होतं, ताम्रपाषाण काळापासून (तांबं आणि दगड दोन्ही वापरायचे तो काळ) पुढे सातवाहन वगैरे एकावर एक वस्त्या. हे उत्क्रांतीच्या मानाने अगदी कालचं, पण थर म्हणजे काय ते इथे समजतं. वर लोक राहतात, कडेला उभं राहू नका, लांबूनच बघा.

एक दिवस काढून चाळीसगावकडे जमलं तर पाटणे. पाटणादेवीला लोक जातातच, पण तिथेच स. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचा. खानदेशात शहामृग! आणि त्याच्या अंड्यावर कुणीतरी बसून नक्षी काढतंय.

खरी हत्यारं जवळून बघायला पुणे, येरवड्याचं डेक्कन कॉलेजचं संग्रहालय, जायच्या आधी फोन करून वेळ विचारा. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही चालेल. आणि चार दिवस हाताशी असतील तर नाशिकरोडवरून थेट गाडीने भोपाळ, तिथे मानव संग्रहालय आणि पुढे भीमबेटका, एकाच फेरीत दोन्ही.

आता महत्त्वाचं. काही सापडलं तर उचलू नका. खणू तर अजिबात नका, उत्खननाला परवाना लागतो, आणि पुरावस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे. बाजूला पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढा, मोबाइलमध्ये लोकेशन सेव्ह करा, कुठल्या थरातून आलं ते लिहा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. जागेवरून हललेला दगड शोकेसमध्ये छान दिसतो, पण अभ्यासाला त्याची किंमत जवळजवळ शून्य होते. आणि लोकेशन ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी पोती घेऊन लोक हजर होतात.

सातवी पायरी: पुरावा अंगावरही आहे

हात टेबलावर उताणा ठेवा, अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट जरा वर उचला. मनगटाच्या मधोमध एक दोरीसारखी शीर वर आली का? ती शीर नाही, एका जुन्या स्नायूची दोरी आहे, काहींना असते, काहींना नसते, काहींना एकाच हाताला. नसली तरी पकडीत फारसा फरक पडत नाही. घरातल्या सगळ्यांचे हात बघा, तक्ता करा, मुलांना हा खेळ फार आवडतो.

नैसर्गिक निवड समजून घ्यायला मात्र जिराफाच्या मानेपेक्षा आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण जास्त खरं आहे, सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. पेठ, सुरगाणा, कळवणकडच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे. त्या जनुकाची एक प्रत असेल तर गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, आई-वडील दोघांकडून आली, दोन प्रती झाल्या, की आजार. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे एक प्रतवाले जास्त जगले, म्हणून ते जनुक टिकून राहिलं. यात कुणाचं रक्त चांगलं-वाईट असला काही प्रकार नाही, आणि असं बोलणाऱ्याला तिथेच थांबवा. रक्त तपासणी सरकारी दवाखान्यात होते, लग्नाआधी करून घेतलेली बरी.

निअँडरथलही अंगात आहेच. आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या डीएनएत साधारण एक-दोन टक्के त्यांचा वाटा निघतो, स्वांते पाबो यांना २०२२ चं नोबेल या प्राचीन डीएनएच्या कामासाठीच मिळालं. त्यांनी आणि ह्यूगो झेबर्ग यांनी २०२० मध्ये दाखवलं की कोविड गंभीर व्हायचा धोका वाढवणारा डीएनएचा एक तुकडा निअँडरथलकडून आलाय, आणि तो दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांकडे आहे.

आठवी पायरी: फॉरवर्ड चाळून घ्या

घटोत्कचाचा सांगाडा सापडला म्हणून जो फोटो फिरतो तो २००२ साली एका फोटो एडिटिंग स्पर्धेसाठी बनवलेला आहे. "मिसिंग लिंक सापडली" हे हेडिंग दिसलं की बातमीत हाड कुठल्या थरात मिळालं आणि किती तुकडे आहेत एवढं शोधा, ते नसेल तर पुढे वाचायचं कारण नाही. पण शास्त्रज्ञ फसत नाहीत असंही समजू नका. इंग्लंडमध्ये १९१२ ला पिल्टडाउनची कवटी माणसाच्या पूर्वजाची म्हणून पुढे आली, ती माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा रंगवून एकत्र केलेली होती आणि बनावट ठरायला १९५३ उजाडलं. आपल्या शिवालिक टेकड्यांमधला रामापिथेकस तर कित्येक वर्षं माणसाचा पूर्वज म्हणून शिकवला गेला, नंतर जास्त जीवाश्म मिळाले तेव्हा कळलं की तो शिवापिथेकस नावाचा जुना वानरच, आणि त्याचं नातं ओरांगउटानशी. जुन्या नोट्समध्ये रामापिथेकस मानवाचा पूर्वज असं दिसलं तर त्या स्पर्धा परीक्षेच्या नोट्सचं पुढचं पानही जरा जपूनच वाचा.

पुढे शिकायचं असेल तर

बारावीला सायन्सच लागतं असं नाही. दगडांकडे ओढा असेल तर डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्वातलं एमए, कला, विज्ञान कुठल्याही बाजूने आलेली मुलं तिथे दिसतात. हाडं, डीएनए, आजची माणसं यात रस असेल तर पुणे विद्यापीठात मानवशास्त्र विभाग आहे. प्रवेशाचे नियम दरवर्षी त्यांच्या वेबसाइटवरच बघा, क्लासवाल्यांचं ऐकू नका. तोवर सार्वजनिक वाचनालयाची मेंबरशिप घ्या, १८४० पासूनची संस्था आहे. संदर्भ विभागात सांकलियांचं नाव सांगून काय काय आहे ते विचारा, आणि जुने उत्खनन अहवाल हाती लागले तर आधी मागची चित्रं आणि नकाशे बघा, मजकूर नंतर.